नाडी अठ्ठ्याहत्तर

"मग तिला काय सांगू, सर? त्यानं काय उत्तर दिलं म्हणून सांगू?"

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. कापसाचा पुंजका बोटांनी ओढला, तळहातावर वळला, वात झाली. ती त्यानं परातीत ठेवली.

"आधी बस," तो म्हणाला. "धाप लागलीय तुला."

"मला काही धाप लागलेली नाही."

"मिनिटाला अठ्ठावीस श्वास. बस."

केतकी बसली. पण पाठ ताठ ठेवून, पिशवी मांडीवर आवळून.

केतकी ढगे. सरकारी दवाखान्यात मेडिसिनची निवासी डॉक्टर, दुसरं वर्ष. आणि समोरचा म्हातारा म्हणजे डॉक्टर सबनीस, पंचवीस वर्षांपूर्वी त्याच दवाखान्यात त्याच विभागाचा प्रमुख. पेशंट दारातून खाटेपर्यंत चालत येईस्तोवर हा रोग ओळखायचा, अशी ख्याती. निवृत्त झाला त्याच आठवड्यात घराला कुलूप लावलं आणि शहराबाहेरच्या टेकडीवर, नाथपंथी मठात येऊन राहिला. तेव्हापासून एका पेशंटला हात लावलेला नाही. मठात त्याला डॉक्टरबुवा म्हणत. काम एकच, समयांच्या वाती वळायच्या.

दवाखान्यात एक रीतच पडून गेली होती. निवासी डॉक्टरांपैकी कुणी फारच मोडकळीला आलं, जेवेना, बोलेना, संडासात जाऊन रडायला लागलं, की सिनियर म्हणायचे, "एकदा टेकडीवर जाऊन ये." मानसोपचार विभाग पहिल्याच मजल्यावर होता. पण तिथं गेलं की दुपारपर्यंत बोभाटा. टेकडी बरी.

"पुन्हा सांग," म्हातारा म्हणाला.

"दोनदा सांगितलं."

"दोनदा ओरडलीस. सांगितलं नाहीस."

केतकीनं ओठ आवळले. मग सांगितलं.

पुरुषांच्या वॉर्डात नामदेव खुडे म्हणून एक पेशंट अकरा दिवस होता. हृदय थकलेलं, पाय सुजून खांबासारखे झालेले. बायकोचं नाव द्वारकाबाई. पुरुषांच्या वॉर्डात संध्याकाळी सहानंतर बाईमाणसाला थांबू देत नाहीत, म्हणून अकरा रात्री ती जिन्याखाली सतरंजीवर झोपली. दिवसभर त्याच्या उशाशी बसायची, पण तो तिच्याशी एक अक्षर बोलायचा नाही. त्याला घरीच मरायचं होतं. हिनं बळेबळे गाडीत घालून आणलं, हा राग.

बाराव्या दिवशी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी तो गेला. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरनं तपासून तशी नोंद केली. केतकी तेव्हा ड्युटीच्या तेहेतिसाव्या तासाला खुर्चीत बसल्याबसल्या झोपली होती.

इथवर रोजचंच.

"मग त्याचा पुतण्या आला, केसपेपरची झेरॉक्स काढायला. वाचता येतं त्याला. त्यानं वाचलं, पाच दहाला मृत्यू. आणि पुढच्याच पानावर..."

"पुढच्या पानावर?"

"सकाळी सहा वाजता. शुद्धीवर. भानावर. प्रश्नांना उत्तरे देतो. नाडी अठ्ठ्याहत्तर. औषधे तीच चालू ठेवा."

म्हाताऱ्यानं वात परातीत ठेवली.

"अक्षर कुणाचं?"

"अक्षर कुणाचंच नाही. शिक्का आहे. नाडीचा आकडा माझा, सही माझी. त्याखाली लेक्चररची सही. त्याखाली कुलथे सरांची. तिघांनी मिळून मेलेल्या माणसाला औषध चालू ठेवलंय."

ती हसली. ते हसणं ऐकायला बरं नव्हतं.

"आदल्या संध्याकाळीच मारून ठेवतो आम्ही," ती म्हणाली. "चौतीस पेशंट, चौतीस कागद. सकाळी आठला राउंड. सर पेशंटकडे बघत नाहीत, कागदाकडे बघतात. कागद कोरा दिसला की सगळ्या वॉर्डासमोर आईबाप काढतात. म्हणून संध्याकाळी सातला उद्या सकाळचे सहा वाजवून ठेवायचे."

"पुतण्या भांडला असेल."

"भांडला असता तर सुटले असते मी. त्यानं काकूला वाचून दाखवलं."

"आणि?"

"ती रोज येते. आठ दिवस झाले. ओपीडीच्या बाकावर बसते. मी दिसले की उठते. काय म्हणते माहितीय? म्हणते, बाई, ते पाचचं घड्याळ चुकलं आसंल तुमचं. सहाला बोलत व्हते म्हनं. काय बोलले वो? माजं नाव काढलं का? का रागातच गेले?"

...

मठाच्या अंगणात कुणीतरी पितळी भांडी घासत होतं.

"कुलथे काय म्हणाला?"

कुलथे म्हणजे आताचा विभागप्रमुख. सबनीसच्याच हाताखाली तयार झालेला.

"म्हणाले, ते पान काढ, दुसरं लाव. आणि त्या बाईला सांग, तुझंच नाव घेत होता. बायकांना तेवढं पुरतं."

"पान काढलंस?"

"नाही अजून."

"सांगितलंस?"

"नाही."

"सांगून टाक मग. सोपं आहे. म्हातारी खूश, कुलथे खूश."

"तुम्हीसुद्धा हेच..."

"मी काही म्हणत नाही. मी वाती वळतोय."

केतकीनं पिशवीत हात घातला. आधी एक घडी घातलेला कागद काढून जमिनीवर ठेवला. राजीनामा. तारखेची जागा मोकळी. मग लाकडी मुठीचा एक शिक्का काढला आणि परातीत, त्याच्या पांढऱ्या वातींवर, उभा ठेवला. मूठ घामानं काळी पडून गुळगुळीत झाली होती.

"ओळखता?"

म्हाताऱ्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"रबर बदललेलं दिसतंय," तो म्हणाला. "मूठ तीच आहे."

"सरांचा शिक्का म्हणतात याला. मला वाटायचं, कुलथे सरांचा. परवा जुन्या सिस्टर म्हणाल्या, अगं, हा सबनीस सरांनी करून घेतला. प्रत्येक बॅच पुढच्या बॅचला देते. मला ज्यानं दिला त्यानं पेढाही दिला होता सोबत."

"हो," म्हातारा म्हणाला. "मीच केला."

"का?"

"मुलं दिवसाचे चार तास लिहीत बसायची. पेशंट तिकडे तडफडतोय आणि हे लिहितायत. म्हटलं, लिहायचा वेळ वाचला तर खाटेपाशी बसतील."

"वाचला वेळ?"

"वाचला ना."

"मग?"

"वेळ वाचला म्हणून वरच्यांनी आणखी दहा खाटा टाकल्या."

...

"आणि तुम्ही टाकू दिल्या."

"सही माझीच होती."

मघापासून दाबून धरलेलं केतकीच्या तोंडून बाहेर पडलं.

"काय शिकवलंत हो तुम्ही लोकांनी आम्हाला? पहिलं वर्ष मला नाव नव्हतं, ज्युनियर रेसिडेंट म्हणून नुसतं जेआर. ए जेआर, इकडे ये. ए जेआर, रक्त घे. उभ्याउभ्या झोपायला शिकले मी. लघवी धरून ठेवायला शिकले. शीर सापडली नाही तर पेशंटवरच खेकसायचं, हे शिकले. आजोबा गेले तेव्हा मी रक्ताच्या बाटल्या घेऊन लॅबच्या जिन्यावर पळत होते, आणि बाबांना फोनवर म्हणाले, नंतर बोलू, पेशंट सिरियस आहे. आणि वर तुमच्यातला एकेक म्हातारा छाती काढून सांगणार, आमच्या वेळी याहून वाईट होतं!"

"याहून वाईटच होतं."

"बघा! आलं तोंडातून!"

"वाईट होतं म्हणून तर आम्ही ते जपून ठेवलं," म्हातारा म्हणाला.

केतकीनं चिडावं तर तो स्वतःच काठी हातात देऊन पाठ पुढे करत होता.

म्हाताऱ्यानं कापूस बाजूला सारला. लांब बाहीची बंडी सारखी केली आणि डावा हात तिच्यापुढे धरला.

"बघ."

"काय?"

"नाडी. नाहीतरी आज सकाळपासून कुणाला हात लावला नसशील."

तिनं मनगट धरलं. सवयीनं तीन बोटं जागेवर गेली, सवयीनं डोळे घड्याळाकडे गेले, आणि सवयीनंच तोंड चालू राहिलं. कुलथे सरांविषयी काहीतरी. लेक्चररविषयी काहीतरी. मग तिनं हात सोडला.

"किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"किती सेकंद धरलास?"

"पंधरा. चारनं गुणायचं."

"चारनं गुणून अठ्ठ्याहत्तर येतं?"

...

केतकीचे कान तापले. शहात्तर येतं. ऐंशी येतं. अठ्ठ्याहत्तर जन्मात येत नाही.

"अठ्ठ्याहत्तरच का?" म्हाताऱ्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. चौकशी होती, पदार्थ कसा केलास म्हणून विचारावं तशी.

"ऐंशी लिहिलं की ठोकून दिल्यासारखं दिसतं," ती हळू म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर लिहिलं की मोजल्यासारखं वाटतं. पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं सिनियरनं."

"त्याला कुणी सांगितलं असेल?"

तिनं मान वर केली. म्हातारा तिच्याकडेच बघत होता. आकडासुद्धा याचाच.

"पुन्हा धर," तो म्हणाला. "घड्याळात बघून, पुरं एक मिनिट. आणि तोंड बंद."

तिनं धरलं.

काही लागेना. बोटं सरकवली. दाबून बघितलं, सैल सोडून बघितलं. कातडी होती, कातडीखाली हाड होतं. मधे काहीच नव्हतं.

"लागत नाहीये," ती म्हणाली.

"या हाताला नाहीच. बायपासच्या वेळी धमनी काढून नेली इथली. सात वर्षं झाली."

तिनं बंडीची बाही वर सारली. मनगटापासून कोपराच्या दिशेनं पांढरी, लांब खूण गेली होती.

"म्हणजे हा खेळ आहे तुमचा," ती म्हणाली. "जो कुणी चढून येईल त्याच्यापुढे हा हात करायचा. किती आले माझ्याआधी?"

"एकोणीस."

"आणि?"

"अठरा जणांनी आकडा सांगितला."

"आणि एकोणिसावा?"

"तो म्हणाला, लागत नाही सर, माझीच बोटं बधिर झाली असतील."

केतकीला हसू फुटलं. मग ते हसू कुठंतरी अडकलं.

"हात सोडलास तू," म्हातारा म्हणाला. "मिनिट झालेलं नाही."

"कशाला? काही नाहीये तिथं."

"नाहीये. म्हणूनच धर."

तिनं पुन्हा बोटं टेकली. सेकंदकाटा सरकत होता. मोजायला काही नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती एका माणसाचा हात धरून बसली होती आणि त्या हातातून तिला कुठं लिहायला काही मिळणार नव्हतं. वीस सेकंद झाले. पंचवीस. अंगणातली भांडी घासायची थांबली. पस्तीस.

आणि तिला ऐकू आलं.

आधी शिक्क्याचा आवाज. धप्. धप्. संध्याकाळचे सात, वॉर्डातलं टेबल, चौतीस कागदांचा गठ्ठा. टेबलाला लागूनच नामदेव खुडेची खाट. आणि धप् आणि धप् यांच्यामधून एक आवाज, घशात पाणी भरल्यासारखा.

तिची बोटं मनगटावर घट्ट झाली.

"काय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तो बोलला होता..."

"कोण?"

"नामदेव. सहाला नाही. आदल्या संध्याकाळी. मी त्याच्या शेजारीच बसून त्याच्याच कागदावर शिक्का मारत होते." तिनं परातीतल्या शिक्क्याकडे बघितलं. "म्हणाला, डाक्तरीणबाई, आमच्या मंडळीला आज आत बसू देतील का वो?"

...

"तू काय म्हणालीस?"

"सकाळी बघू."

"वर बघितलंस त्याच्याकडे?"

"नाही. धप् केलं आणि पुढचा कागद घेतला. प्रश्नांना उत्तरे देतो." तिनं मनगट सोडलं. "अकरा दिवसांत कुणी एक प्रश्न विचारला नव्हता त्याला, सर. संडास झाली का, एवढाच. प्रश्न त्यानं विचारला होता. आणि मी आठ दिवस विसरले होते. खोटं बोलत नाहीये मी, खरंच विसरले होते..."

म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पाणी दिलं नाही. असल्या वेळी म्हातारे जे जे करतात त्यातलं काहीच त्यानं केलं नाही.

"म्हणजे कुलथे सरांची थाप खरी निघाली," ती म्हणाली. "तिचंच नाव घेत होता तो. राग गेला होता त्याचा. ती जिन्याखाली होती, सर. वीस पावलांवर. वॉर्डबॉयला नुसती हाक मारली असती मी तर..."

"हो."

"हे तिला सांगितलं तर ती विचारेल, मग मला आत का घेतलं नाही."

"विचारेल."

"माफ नाही करणार मला."

"नाही करणार."

"आणि अर्धंच सांगितलं तर? नाव घेत होते म्हणून? तेही खरंच आहे."

"खरंच आहे."

"मग अर्धं सांगू का पुरं?"

म्हाताऱ्यानं नवा कापूस घेतला. बोटांनी ओढला. वात वळली, पण मधेच तुटली. त्याची वात तुटलेली तिनं पहिल्यांदा बघितली.

"तुम्ही काय केलं असतं?" केतकीनं विचारलं. आता आवाजात भांडण नव्हतं. "माझ्या जागी असता तर? तुमच्याही हातून एखादा नामदेव झालाच असेल."

"एक?" म्हातारा म्हणाला.

"मग त्यांच्या बायकांना तुम्ही काय सांगितलंत?"

...

"मी इथं आलो," तो म्हणाला.

केतकीनं त्याच्याकडे बघितलं. परातीतल्या वाती, भिंतीला टेकलेली काठी, कोपऱ्यात नीट घडी घातलेली घोंगडी. केवढा गाजावाजा होता या टेकडीचा खाली दवाखान्यात. आणि इथं काय, तर एक माणूस आठ नव्हे, पंचवीस वर्षं बाकावर बसलेल्या बायकांपासून लपून बसलेला. तिला त्याची कीव आली. मग त्या जमिनीवरच्या घडी घातलेल्या कागदावर तिची नजर गेली, आणि तीच कीव उलटी फिरून तिच्या अंगावर आली. तारीख टाकली की तिचीही टेकडी तयार होती.

"नामदेवला काय सांगितलं होतंस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"सकाळी बघू."

"आठ सकाळी झाल्या."

केतकी उठली. घड्याळात दोन वाजून गेले होते. ओपीडी पाचला बंद होते आणि द्वारकाबाई पाचच्या आधी उठत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं राजीनामा उचलून पिशवीत टाकला. तो देणार की फाडणार, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. नमस्कार केला नाही. म्हाताऱ्यानंही वाट बघितली नाही.

ती पायऱ्या उतरू लागली. खाली शहर होतं, त्यात दवाखान्याची पिवळी इमारत, आणि त्या इमारतीत एक बाक. तिथं जाऊन पुरं सांगायचं. मग ती बाई रडेल, किंवा मारेल, किंवा नुसती बघत राहील. नुसती बघत राहिली तर ते सगळ्यात वाईट. आणि सांगून झाल्यावर त्यातलं काही बदलणार नाही. नामदेव त्याच रात्रीत राहील, बाई त्याच जिन्याखाली.

विसाव्या पायरीवर तिला वरून हाक ऐकू आली.

"ढगे!"

तिनं वळून बघितलं. म्हातारा अनवाणी दारात येऊन उभा होता. बंडीला कापूस चिकटलेला. डावा हात पुढे केलेला, तोच, नाडी नसलेला. हातात शिक्का.

"तो तुमचा आहे," ती खालून ओरडली. "तुमच्याकडेच ठेवा! धुनीत घाला!"

म्हातारा हलला नाही. हात तसाच पुढे. ती परत विसाच्या वीस पायऱ्या चढून समोर येईपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग त्यानं शिक्का तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर एकेक करून मिटवली.

"घेऊन जा," तो म्हणाला. "संध्याकाळी लागेल."